कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसताना आणि उठताना

कॉलेजने दिलेलं लॉगिन म्हणजे तुमची सही. त्या लॉगिनवरून जे पाहिलं, पाठवलं, डाउनलोड केलं, ते तुम्हीच केलं असं धरलं जातं. तेव्हा खुर्चीत तुम्ही होता की तुमचा मित्र, हे लॉगमध्ये, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदीत, उमटत नाही. प्रवेशाच्या दिवशी फी पावतीसोबत संगणक वापराच्या नियमांचा कागद येतो, घाईत त्यावर सही होते आणि तो कागद पुन्हा कुणी उघडत नाही. ते नियम का केले आहेत आणि पाळायचे म्हणजे नेमकं काय करायचं, ते इथे देतो आहोत. उदाहरणं विंडोज, क्रोम आणि जीमेलची आहेत, कारण बऱ्याच कॉलेजांत हेच वापरतात.

बसल्या बसल्या

आधी रजिस्टर. मशीन नंबर, आत आल्याची वेळ, रोल नंबर आणि उठताना बाहेर पडल्याची वेळ लिहा. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर एकच 'स्टुडंट' नावाचं खातं असेल, तर कुठल्या वेळी कोण बसलं होतं याचा पुरावा फक्त हे रजिस्टर असतं. मागाहून काही निघालं, तर 'साडेअकरालाच उठलो होतो' हे तुमच्या शब्दापेक्षा त्या ओळीवरून लवकर सिद्ध होतं. म्हणून मित्राच्या नावाने सही करू नका आणि बाहेर पडल्याची वेळ कोरी सोडू नका.

मशीनवर आधीच्या मुलाचं जीमेल उघडंच दिसलं, तर वाचत बसू नका, लॉगआउट करा. त्याच्या खात्यातून गंमत म्हणून एक मेल टाकणं हीसुद्धा गंमत राहत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६सी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

मग क्रोममध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून 'गेस्ट' विंडो उघडा. गेस्टमध्ये आधी कुणी साठवलेले पासवर्ड, बुकमार्क, हिस्टरी यातलं काही येत नाही आणि सगळ्या गेस्ट विंडो बंद केल्या की तुमचंही ब्राउझरमध्ये काही उरत नाही. गेस्टचा पर्याय बंद ठेवलेला असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबून इन्कॉग्निटो उघडा. साध्या विंडोत जीमेल उघडलं की 'क्रोममध्येही साइन इन करायचं का', 'पासवर्ड साठवायचा का' असे प्रश्न येतात. घाईत 'हो' म्हटलं, की तुमचे पासवर्ड त्या मशीनवर पुढच्या माणसासाठी तयार बसलेले असतात. दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन चालू असेल, तर कोड टाकताना 'या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका' समोरची खूण काढायला विसरू नका. घरच्या लॅपटॉपवर ती खूण सोयीची असते, लॅबमध्ये मात्र तिच्यामुळे दुसरा टप्पा असून नसल्यासारखा होतो.

इन्कॉग्निटोबद्दल दोन गैरसमज फार आहेत. पहिला म्हणजे, आपण काय बघतो ते कॉलेजला दिसत नाही. दिसतं. कुठली साइट, किती वाजता, कुठल्या मशीनवरून किंवा लॉगिनवरून उघडली, ते फायरवॉलच्या, म्हणजे कॉलेजच्या इंटरनेटवर नजर ठेवून साइट अडवणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदीत जातं. 'एचटीटीपीएस'ने पत्ता सुरू होणाऱ्या साइटवर आतलं पान किंवा मजकूर सहसा दिसत नाही, पण कॉलेजने लॅबच्या मशीनवर फायरवॉलचं प्रमाणपत्र बसवलेलं असेल तर तोही तपासता येतो. दुसरा गैरसमज म्हणजे, विंडो बंद केली की डाउनलोड केलेल्या फाइलही जातात. त्या जात नाहीत.

डाउनलोड्स फोल्डर

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत लॅबमधल्या मशीनवर हे फोल्डर उघडून बघा. आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान. एकाच्या वर एक, नावानिशी. कुणी ते चोरलेलं नसतं, प्रिंट काढायला व्हॉट्सअॅप वेबवरून उतरवलेलं असतं आणि तिथेच राहिलेलं असतं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष. दोन्ही गोष्टी शेजारीच पडलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर छापलेल्या असतात.

म्हणून प्रिंट काढून झाली की विंडोज आणि ई ही बटणं एकत्र दाबून फाइल एक्स्प्लोरर उघडा, डाउनलोड्समध्ये जा, यादी तारखेप्रमाणे लावा, आपल्या फाइल निवडा आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. नुसतं डिलीट दाबलं तर त्या रिसायकल बिनमध्ये जाऊन बसतात. डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत आणि स्कॅनरच्या फोल्डरमधली प्रतही तशीच काढा. स्कॅनरचं फोल्डर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. प्रिंटर अडकला म्हणून चार वेळा 'प्रिंट' दाबलं असेल, तर प्रिंटरच्या रांगेतली उरलेली कामं रद्द करा, नाहीतर कागद घातल्यावर तुमच्या आधारच्या तीन प्रती दुसऱ्याच्या हातात पडतात. जिथे पूर्ण आधार क्रमांकाची गरज नाही, तिथे शेवटचे चार आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर ते उतरवताना तसा पर्याय मिळतो.

याची उलटी बाजूही आहे. अनेक लॅबमध्ये डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं. मशीन रीस्टार्ट झालं की ड्राइव्ह पूर्वीच्या स्थितीत जातो आणि दिवसभर केलेला प्रोजेक्ट डेस्कटॉपसकट नाहीसा होतो. तो कुणालाही परत आणता येत नाही, लॅब असिस्टंटलाही नाही. कामाची फाइल सुरुवातीलाच कॉलेजच्या ड्राइव्हवर किंवा नेमून दिलेल्या नेटवर्क फोल्डरमध्ये सेव्ह करा आणि दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस दाबा. वीज गेल्यावर यूपीएस बीप करू लागला, की टाइप करणं थांबवून आधी सेव्ह करा.

पाच मिनिटं उठायचं असेल तर, आणि कायमचं उठायचं असेल तर

पाणी प्यायला जाताना विंडोज आणि एल. स्वतंत्र लॉगिन असेल तर एवढ्याने स्क्रीन लॉक होतो. 'स्टुडंट' हे सामायिक खातं असेल तर या लॉकला अर्थ नाही, कारण पासवर्ड सगळ्या वर्गाला ठाऊक असतो. अशा वेळी खात्यांतून बाहेर पडूनच उठा.

शेवटी निघताना जीमेल, शिष्यवृत्तीचं पोर्टल, विद्यापीठाचं परीक्षा पोर्टल, डिजिलॉकर, जे उघडलं असेल त्या प्रत्येकातून 'लॉगआउट' दाबून बाहेर पडा. टॅब बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. व्हॉट्सअॅप वेब उघडलं असेल तर फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन त्या मशीनची नोंद काढा. घरी पोचल्यावर आठवलं, तरी उशीर झालेला नसतो. फोनवर गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' भागात 'युवर डिव्हायसेस' उघडा, लॅबचं मशीन शोधून साइन आउट करा आणि पासवर्ड बदला.

वाय-फाय आणि बँडविड्थ

कॉलेजची लाइन १०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटची, धरा. ६० जण एकाच वेळी वापरत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीडपेक्षा थोडी जास्त एमबीपीएस येते. १०८०पी व्हिडिओला सुमारे ५ एमबीपीएस लागतात. म्हणजे वीस जणांनी मॅच लावली की लाइन भरली, आणि शेजारच्या लॅबमध्ये परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्या मुलीचं पेमेंटचं पान गोल गोल फिरत राहतं. पैसे कापले जातात, पावती येत नाही. तासाला दाखवायचं लेक्चर असेल तर व्हिडिओची क्वालिटी ४८०पी ठेवा. फळ्यावरची अक्षरं वाचता येतात आणि लागतात साधारण १.१ एमबीपीएस. गेम, सिनेमे, टॉरेंट कॉलेजच्या लाइनवर नकोतच. टॉरेंटमध्ये तुमचं मशीन नुसतं घेत नाही, इतरांना वाटतही असतं, त्यामुळे डाउनलोडसोबत अपलोडवरही ताण पडतो.

वाय-फायचा पासवर्ड बाहेरच्या मित्राला देऊ नका, त्याला आपल्या फोनवरून हॉटस्पॉटही देऊ नका. त्याने जे केलं ते तुमच्या नावावर पडतं, ही वरचीच गोष्ट. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सेवा पुरवणाऱ्या, कॉर्पोरेट आणि सरकारी संस्थांना १८० दिवसांचे लॉग जपून ठेवायला सांगितलं आहे. 'महिना झाला, आता कोण बघतंय' हा हिशेब त्यामुळे चुकतो.

फुकटच्या व्हीपीएनबद्दल, म्हणजे आपली रहदारी दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे वळवणाऱ्या सोयीबद्दल, स्पष्ट सांगायला हवं. एखादी साइट उघडत नाही म्हणून मुलं ब्राउझरमध्ये व्हीपीएनचं एक्स्टेन्शन टाकतात. ते टाकताना परवानगी मागितली जाते ती 'सर्व साइटवरची तुमची माहिती वाचणे आणि बदलणे' याची. म्हणजे फायरवॉल चुकवण्यासाठी आपण सगळी रहदारी एका अनोळखी माणसाच्या हातात देतो. अभ्यासाची साइट चुकून अडवली गेली असेल, तर पत्ता, वेळ आणि स्क्रीनवर आलेला संदेश लिहून लॅबच्या प्रमुखांना मेल करा. फायरवॉलमध्ये एखादी साइट मोकळी करणं फार तर काही मिनिटांचं काम आहे.

ग्रंथालयातून मिळणाऱ्या ई-जर्नलांचाही एक नियम आहे, तो फार कमी जणांना माहीत असतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राच्या एन-लिस्टसारख्या योजनेतून सदस्य कॉलेजांना हजारो जर्नलं आणि पुस्तकं मिळतात. लागेल तो लेख जरूर उतरवा. पण एखादं जर्नल अंकामागून अंक उतरवत बसलात किंवा त्यासाठी डाउनलोडर लावलात, तर प्रकाशकाची यंत्रणा ते ओळखते आणि प्रवेश रोखते. कधी एकट्याचा नाही, तर पूर्ण कॉलेजचा. ऐन प्रबंधाच्या दिवसांत त्याचा फटका सगळ्यांना बसतो.

पेन ड्राइव्ह

लॅबमधली सर्वांत जुनी डोकेदुखी म्हणजे शॉर्टकट व्हायरस. पेन ड्राइव्ह उघडल्यावर तुमचं 'प्रोजेक्ट' फोल्डर दिसतं, पण त्याच्या चिन्हाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटासा बाण असतो आणि आकार १ किंवा २ केबी लिहिलेला असतो. ते फोल्डर नाही, शॉर्टकट आहे. खरं फोल्डर लपवलेलं असतं. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग तुमचं फोल्डरही उघडतं, त्यामुळे संशय येत नाही. खूण पटवायची असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. दिसणाऱ्या फाइल चार केबीच्या आणि वापरलेली जागा ६ जीबी असेल, तर डेटा शाबूत आहे, फक्त लपलेला आहे. अशा वेळी घाबरून फॉरमॅट मारू नका. ड्राइव्ह काढा, लॅब असिस्टंटला मशीनचा नंबर सांगा, कारण ते मशीनही साफ करावं लागतं. अँटिव्हायरसने ड्राइव्ह साफ झाल्यावर फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मधून लपलेल्या फाइल दाखवायला सांगा. तरीही दिसल्या नाहीत तर 'फोल्डर ऑप्शन्स'मधली 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' लपवण्याची खूण काढा. फाइल दुसरीकडे कॉपी करून घ्या, मग ड्राइव्ह फॉरमॅट करा. कॉरिडॉरमध्ये सापडलेला पेन ड्राइव्ह 'कुणाचा आहे बघू' म्हणून लावू नका, ऑफिसात द्या.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हीही तीच वाट. क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथेच ओळखावं. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३बी नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑफिसच्या कामासाठी लिब्रेऑफिस, गणितासाठी सायलॅब, चित्रांसाठी जिंप ही मोफत आहेत आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर त्यातल्या बऱ्याच गोष्टींचे धडे मराठीतून आहेत.

ईमेल

विषयाची ओळ कोरी नको आणि नुसतं 'सर' असंही नको. 'एसवायबीएस्सी, रोल नं. ४७: भौतिकशास्त्र प्रॅक्टिकल ६ पुन्हा करण्याबाबत' एवढं लिहिलं, की सरांना मेल उघडण्याआधीच काम कळतं आणि पुढे महिन्याने शोधलं तरी सापडतं. आत आदरणीय सर किंवा मॅडम, दोन-तीन ओळींत मुद्दा, शेवटी पूर्ण नाव, वर्ग, रोल नंबर.

मराठी अर्ज जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवला, तर समोरच्याकडे तो फॉन्ट नसल्यास अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची रांग उमटते. युनिकोडमध्येच टाइप करा. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडलं की कीबोर्ड मिळतो. आणि पाठवताना पीडीएफ करा.

जोडपत्राची जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. मात्र मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून वीसच्या आसपासची फाइल समोरच्या सर्व्हरकडून परत येऊ शकते. मोठी फाइल ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या, आणि इथेच सर्वांत जास्त गुण जातात. नवीन फाइलची लिंक मुळात 'रिस्ट्रिक्टेड' असते. रात्री ११:५८ ला तुम्ही ती पाठवता, सर सकाळी उघडतात आणि त्यांना 'परवानगी मागा' एवढंच दिसतं. 'शेअर'मध्ये जाऊन एकतर सरांचा मेल पत्ता घाला, नाहीतर 'जनरल अॅक्सेस'मध्ये कॉलेजचं नाव निवडून 'व्ह्यूअर' ठेवा. मग लिंक स्वतः गेस्ट विंडोत उघडून बघा. 'लिंक असलेला कुणीही' असा पर्याय निवडला असेल तरच ती तिथे उघडेल. कॉलेजपुरती ठेवली असेल तर वर्गातल्या एखाद्याला उघडायला सांगा. सर्वांसाठी 'एडिटर' ठेवू नका, कुणीही तुमचा मजकूर पुसू शकतं.

वर्गाला एकदम मेल करायचा असेल तर सगळे पत्ते बीसीसीमध्ये, तिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत. 'टू'मध्ये शंभर पत्ते टाकले, की ते शंभर जणांना मिळतात आणि मग एकाने 'रिप्लाय ऑल' करून लिहिलेलं 'धन्यवाद मॅडम' उरलेल्या सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पडतं. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'अनडू सेंड' ३० सेकंदांवर ठेवा. चुकीच्या माणसाला मेल गेल्याचं सहसा पहिल्या दहा सेकंदांतच लक्षात येतं.

आता फसव्या मेलविषयी. 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, २४ तासांत व्हेरिफाय करा', 'शिष्यवृत्ती मंजूर, खातं जोडा' असे मेल येतात. पाठवणाऱ्याचं नाव बघू नका, ॲटच्या चिन्हापुढचा पत्ता बघा. लिंकवर माउस नुसता धरला की खाली खरा पत्ता दिसतो. पत्त्यात पहिली एकेरी तिरपी रेघ येण्याआधीचा शेवटचा भाग खरा मालक सांगतो; त्याच्या डावीकडे कॉलेजचं नाव कुणीही घालू शकतं. 'गव्ह डॉट इन' ने संपणारे पत्ते सरकारी संस्थांनाच मिळतात, 'एसी डॉट इन' शैक्षणिक संस्थांना. राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, म्हणजे महाडीबीटीचा, पत्ताही 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' नेच संपतो. तरी खऱ्या सहीचं पत्र जसं चोराच्या हाती लागू शकतं, तसं वर्गातल्या एखाद्याचं खातं हॅक होऊन त्यावरूनही असा मेल येऊ शकतो. पासवर्ड किंवा ओटीपी मागितला की फोन करून विचारा.

पासवर्ड देऊन बसलात, तर लाजू नका आणि लपवू नका. लगेच दुसऱ्या डिव्हाइसवरून पासवर्ड बदला, सगळीकडून साइन आउट करा, आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' बघा. घुसलेला माणूस तिथे तुमचे मेल स्वतःकडे वळवण्याचा नियम लावून जातो, आणि नुसता पासवर्ड बदलल्याने तो नियम जात नाही. मग लॅबला कळवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. पहिल्या तासाला फार किंमत असते, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता येतात.

फोटो आणि बदनामी

वर्गातल्या मुलीचा फोटो बदलून ग्रुपवर टाकणं, नावाने खोटं खातं काढणं, खासगी फोटो पुढे पाठवणं यात 'मी नुसता फॉरवर्ड केला' हा बचाव नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई, ६७ आणि ६६डी यांतली शिक्षा पहिल्याच गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत जाते. ज्याच्याबाबत घडलं त्याने पत्ता, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, मूळ मेसेज डिलीट करू नये. 'हे बघ काय आलंय' म्हणून मैत्रिणींनाही तो फोटो पाठवू नये, तक्रारीसोबतच द्यावा. विद्यार्थिनींसाठी कॉलेजची अंतर्गत समिती असते, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५ च्या नियमांनुसार ती असायलाच हवी. कॉलेजच्या नियमपत्रकात याच कायद्याचं कलम ६६ए अजून छापलेलं असेल तर ते काढायला सांगा. सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं आहे.

कॉलेज सोडताना

कॉलेजचं मेल खातं कायमचं नसतं. गूगलकडून शैक्षणिक संस्थेला मिळणारी १०० टीबी जागा सगळ्यांची मिळून असते. पाच हजार मुलं असतील तर डोईवर साधारण २० जीबी. त्यामुळे पास झालेल्यांची खाती बंद केली जातात. शेवटच्या परीक्षेआधीच गूगल टेकआउटमधून आपले मेल आणि फाइल उतरवून घ्या. बँक, नोकरीचे अर्ज, डिजिलॉकर यांपैकी कुठेही कॉलेजचा पत्ता दिला असेल तर खातं चालू असतानाच तो बदला, कारण पत्ता बदलण्याचा ओटीपी जुन्याच पत्त्यावर जाऊ शकतो.